उपासाची कढई

मला गहू चालत नाही असं सांगितलं, की आमच्याकडचे लोक आधी हळहळतात आणि मग मैदा वाढतात. "गहू नाही ना? मग नान घ्या." "शेवया घ्या." "सूजीचा हलवा आहे, त्यात कुठं आला गहू?" एका लग्नात एका भल्या माणसानं माझ्या ताटात आग्रहानं बालुशाही ठेवली आणि वर म्हणाला, "बहनजी, पोळी नका खाऊ, हे तर खा." माणसं प्रेमळ असतात. मी त्यांच्यावर चिडते, पण दोष देत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं आहेत हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

माझं नाव कुंदा. मी बालाघाटला राहते आणि घरीच ब्लाउज, फ्रॉक शिवते. माझे यजमान दिलीप भरवेलीच्या मँगनीज खाणीत फिटर आहेत. मला जे दुखणं आहे त्याला डॉक्टर सिलिअ‍ॅक म्हणतात. ते काय असतं, आतड्यात काय होतं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला ते नीट सांगता येणार नाही. मी फक्त बालाघाटहून इंदूरला गाडीनं कशी गेले आणि वाटेत काय खाल्लं ते सांगणार आहे. ज्यांना हे दुखणं नुकतंच कळलंय आणि आता आपण घराचा उंबरठा ओलांडायचा नाही असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही तसंच ठरवलं होतं.

दलिया

सुरुवातीला मी बारीक झाले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी कौतुकच केलं. मी खूश होऊन स्वतःचे ब्लाउज बाजूनं आत घेतले. काही महिन्यांनी पुन्हा घेतले. मग आत घ्यायला कापडच उरलं नाही आणि कौतुकही थांबलं. जेवलं की पोट तट्ट फुगायचं, दिवसातून किती वेळा धावावं लागे ते सांगायलाही लाज वाटायची. केस पुंजक्यानं निघायचे. मशीनचं पायडल मारताना धाप लागायची.

कुणी गॅस म्हणालं, कुणी जंत म्हणालं, कुणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. आणि सगळ्यांनी एक सल्ला मात्र एकमुखानं दिला: भात सोड, गहू खा.

आमचा मुलूख धानाचा. भात आम्ही जन्मापासून खातो, त्यामुळे भाताचं कुणाला काही वाटत नाही. ताकद गव्हात असते असा सगळ्यांचा पक्का समज. माझी थोरली नणंद, वत्सलाताई, लांजीहून खास माझी सेवा करायला आली. ताई म्हणजे जीव लावणारी बाई, आणि तिचं प्रेम चुकवणं कुणाला जमलेलं नाही. ती सकाळ-संध्याकाळ दुधात शिजवलेला दलिया घेऊन समोर बसायची.

"खा वं कुंदा. बिमार माणसाले दलियापेक्षा मोठं औषध नाही."

"ताई, जात नाही हो."

"न जायले काय झालं? जबरदस्तीनं खा. ताकद काय हवेतून येते काय?"

मी खायचे. जितकी आजारी पडे तितका जास्त दलिया मिळे, आणि जितका दलिया खाई तितकी जास्त आजारी पडे. घरात एकाच्याही मनात आलं नाही की या दोन गोष्टींचा काही संबंध असेल.

नागपूरचा तो दिवस

शेवटी एक दिवस मी दुकानातून दोरा आणायला गेले आणि रस्त्यातच बसले. ह्यांनी तडक नागपूर गाठलं. रक्त चढवायला दाखल केलं, तोंडातून नळी घालून पोटाची तपासणी झाली.

माझी आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. मी कुणाला बोलले नव्हते, पण मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं. मशीन कुणाला द्यायची, प्रज्ञाचं लग्न कुणी बघायचं. प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. रिपोर्टच्या दिवशी मी नवी साडी नेसून बसले होते. वाईट बातमी ऐकायचीच तर नीट नेटकं बसून ऐकावी, असं मला वाटलं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "तुम्हाला गहू सहन होत नाही. गहू, जव, त्यांचं जे जे काही होतं ते सगळं बंद. बाकी सगळं खा."

ह्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"जन्मभर."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी हसायला लागले. मला थांबवताच येईना. डॉक्टरांना वाटलं धक्का बसला असेल. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी मरणाची तयारी करून आले होते, आणि तुम्ही फक्त पोळी मागताय? घ्या की!"

हसू दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. नाश्त्याची गाडी आली आणि ताटलीत उपमा होता. मी परत केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दलिया आला. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पेशंटले दलियाच देतात बाई, तुम्हीच काहून नाक मुरडून राह्यल्या?" मी त्यांना समजावलं, त्या मान डोलावून गेल्या, आणि पुढच्या सकाळी पुन्हा उपमा. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्या सगळं बघत होत्या. दुपारी त्यांच्या ताटातला भात त्यांनी माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "माहा भात तू घे पोरी. सकाळचा तुहा दलिया मले देत जा. मले दातच नाहीत, मले तो बरा." आम्ही दोघींनी पुढचे सगळे दिवस असाच व्यवहार केला. मला त्यांचं नावही आठवत नाही, पण त्या भाताची चव आठवते.

घरी आल्यावर ह्यांनी गव्हाचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. नवा तवा, नवी चाळणी, नवी परात आली. तांदळाची भाकर, ज्वारीची भाकर, पाटवडी, भात. हळूहळू पोट शांत झालं. एक दिवस मी मशीनवर बसून माझ्या ब्लाउजांच्या शिवणी उसवल्या आणि ते पुन्हा मोठे केले. त्या दिवशी मी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

पांढरी साडी

घरात सगळं ठीक होतं. संकट दाराबाहेर होतं.

प्रज्ञाचं लग्न ठरलं ते इंदूरच्या मुलाशी, आणि लग्न त्यांच्याकडेच होतं. मी फार सावध होते. पोळी नाही, पुरी नाही, गोड काही नाही. फक्त वरण-भात घेतला आणि एक तळलेला पापड. पापड पुऱ्यांच्या कढईतून निघाला होता, आणि वरणात हिंग होता. बाजारातल्या हिंगाच्या पुडीत पीठ मिसळलेलं असतं आणि ते बरेचदा गव्हाचं असतं, हे मला पुढे कळलं. त्या दोघांतलं नडलं कोण ते सांगता येत नाही. दुपार टळायच्या आत मी उलट्या करत दवाखान्यात होते आणि हाताला सलाईन होतं.

पाठवणीला मी नव्हते. प्रज्ञा सासरी जाताना वाटेत दवाखान्यात आली. आमच्यात लग्नाला नेसतात ती पांढरी साडी, गळ्यात हार, आणि बाजूला सलाईनची बाटली. ती माझ्या खाटेजवळ उभी राहून रडली आणि मला तिला जवळ घ्यायलाही उठता आलं नाही. आजारपणात मी पुष्कळ काही सोसलं, पण ते दुःख वेगळंच होतं.

त्यानंतर मी जाणं-येणं सोडलं. लग्न, बारसं, साखरपुडा, सगळीकडे हे एकटे जायचे. मी कधी गेलेच तर डबा घेऊन कोपऱ्यात बसायचे, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काहो, आमचं अन्न चालत नाही का?" त्यापेक्षा घर बरं. प्रज्ञाला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण नातेवाईकांनी परस्पर निकाल लावला, "आईचंच धड नाही, ती काय करणार?" मुलगी इंदूरलाच बाळंत झाली. नात झाली. मी फोनवर बघितली.

मग एक दिवस प्रज्ञाचा फोन आला. "आई, नामकरण ठरलं. तू येशील ना?"

"बघू."

"बघू नको. ये. आणि सुन ना, डबा घेऊन कोने में नको बसू. माझ्यासोबत पंगतीत बस. लग्नात तू नव्हती आई. या टाइमले तरी बस."

मी "हो" म्हणून बसले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काय बोलून बसले मी?

ताईचा डबा

मी तयारी मात्र लढाईला निघाल्यासारखी केली. तांदळाच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, मुरमुरे, तिळाचे लाडू. दोन दिवसांचा रस्ता. बैतूलला मुक्काम करायचा होता. वत्सलाताईही लांजीहून आदल्या दिवशी आली. तिला भाचीची लेक बघायची होती.

सिवनी मागे पडली तेव्हा आम्ही एका झाडाखाली गाडी थांबवली. मी डबा उघडला. माझ्या भाकरींवर गव्हाच्या पोळ्यांची चळत होती, छान तूप लावलेली, मऊसूत. खालच्या भाकरींना त्यांचं पीठ लागलेलं दिसत होतं. चटणीतही पोळीचा तुकडा बुडवून कुणीतरी चव पाहिली होती.

"आमच्या दोघांच्या पोळ्या ठेवल्या मी, लांजीहून आणल्या होत्या," ताई म्हणाली. "वेगळा डबा कायले? एकातच मावून गेलं."

मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ते वाईट लक्षण असतं. मग बोलले, आणि जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "ताई, तुमी मले विष नाही देऊन राह्यल्या, हे मले माहीत आहे. पण माह्या पोटाले ते माहीत नाही."

ताईचा चेहरा उतरला. "वरची पोळी काढून टाक न वं. खालच्या भाकरीले काय झालं? थोडंसं लागलं तं काय होते?"

"दवाखाना होते," हे म्हणाले आणि डबा स्वतःकडे घेतला. त्या दोघांनी मुकाट्यानं खाल्लं. मी लाडूंचा डबा शोधला. ताईनं त्याच हातानं तोही उघडून लाडू मोजून पाहिले होते की पुरतील का. फुटाणे-मुरमुरे पुढच्या रस्त्यासाठी राखले आणि सिवनीत घेतलेली केळी खाल्ली.

छिंदवाड्यात एका हॉटेलात शिरलो. मी समजावून सांगितलं, गेहूं नहीं चलता. वेटर म्हणाला, "कोई बात नहीं, रुमाली रोटी दे दूँ? वो मैदे की है." भात होता, पण त्याच्यात पोळी वाढण्याचा चिमटा खोचलेला होता. मी पुन्हा केळी खाल्ली. मुलताईपर्यंत केळ्यांचा मला वीट आला होता, डोकं भणभणत होतं आणि मनात एकच घोळत होतं: आत्ताच ही गत, तर परवा पंगतीत काय करशील? मी ह्यांना म्हटलं, "परत फिरा. मी नाही येत." हे गाडी चालवत राहिले. त्यांना वळायला जागा मिळत नव्हती की वळायचं नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

प्रदोष

मुलताईच्या पुढे एक घरगुती ढाबा लागला. मागे घर, पुढे चार बाकडी. मालकांच्या कपाळावर चंदनाचा टिळा, मागच्या दारात त्यांची बायको तांदूळ निवडत बसलेली. आम्ही बसलो. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "इनका उपवास है. फलाहारी कुछ मिलेगा?"

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात उपास-तापास बंद झाले. मी आयुष्यात एकही एकादशी केलेली नाही.

मालक मात्र एकदम आदरानं उभे राहिले. "हाँ-हाँ, क्यों नहीं! आज कौन सा व्रत है, बहनजी?"

ह्यांनी जरा विचार केला आणि कुठंतरी ऐकलेला शब्द ठोकून दिला. "प्रदोष."

"प्रदोष तो परसों था."

मालकांच्या नजरेतला आदर कमी होताना स्पष्ट दिसत होता. आणि तेवढ्यात आमची ताई कडाडली, "दिल्या! बाबा असते तं तुले चपलेनं हाणलं असतं! काय प्रदोष लावून राह्यला रे?"

मला हसावं की रडावं कळेना. भूक एवढी लागली होती की मी खरं बोलून टाकलं. "भैया, व्रत नहीं है. इन्होंने झूठ बोला, भूख देखी नहीं गई मेरी. मुझे बीमारी है. गेहूं पेट में गया कि अस्पताल. डॉक्टर ने जिंदगीभर का गेहूं का उपवास दिया है."

"तो मैदा..."

"मैदा गेहूं का ही बच्चा है, भैया. सूजी भी, दलिया भी. उपवास मतलब उपवास. आपके व्रत में जैसे अनाज का एक दाना नहीं चलता, वैसे मुझे गेहूं का एक कण नहीं चलता."

मालक थांबले. मागच्या दारातून त्यांच्या बायकोनं विचारलं, "आटे का हाथ लग जाए तो?"

"तो आपका व्रत रहेगा क्या?"

"टूट जाएगा," ती म्हणाली. तांदळाचं सूप खाली ठेवून उठली. "फिर तो तेल भी नया लगेगा. और हींग नहीं. व्रत में हम हींग नहीं डालते."

हिंगाचं मी काहीच बोलले नव्हते! वेगळं भांडं, वेगळा डाव, धुतलेले हात, नवं तेल, हिंग नाही. जे नियम मी लोकांना घसा फोडून सांगत होते आणि जे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हते, ते या बाईला पाठ होते. तिच्या आईला, तिच्या सासूला पाठ असणार. मी रोग म्हणून सांगत होते तोवर लोक "थोडंसं चालतं" म्हणायचे. उपासात थोडंसं चालत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

तिनं स्टूल घेतलं आणि माळ्यावरून फडक्यात बांधलेली एक कढई काढली. "नवरात्र की है. इसमें अनाज कभी नहीं गया."

मी म्हटलं, "थोड़ा चावल उबाल दोगी इसमें?"

तिनं कढई छातीशी धरली. "चावल तो अनाज है! इसमें नहीं."

मला आवडलं ते. तिचा नियम तिचा, माझा माझा, आणि दोन्ही पक्के. तिनं मोरधनाची खिचडी केली, म्हणजे आपली भगर. जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. बटाट्याची रस्साभाजी, दही. आणि वत्सलाताई न सांगता उठून चुलीपाशी जाऊन उभी राहिली. तंदूरवर रोट्या लावणारा माणूस पळी घ्यायला इकडे आला, तशी ताई ओरडली, "ए भाऊ! हात धू आधी! उपास आहे तिचा!" त्याला मराठी कळली की नाही कोण जाणे, पण त्यानं हात धुतले.

ताट समोर आलं तेव्हा त्यातून वाफ येत होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय? प्रज्ञाच्या लग्नानंतर मी घराबाहेर गरम जेवले नव्हते. डबा नेहमी गार असतो. मी पहिला घास घेतला, जीभ भाजली, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मालक घाबरून म्हणाले, "मिर्च ज़्यादा हो गई क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं, "बिल्कुल बराबर है."

ताई माझ्या शेजारी बसली होती. ती ताटाकडे बघत म्हणाली, "तो दलिया... मीच चारत होती न वं तुले?"

"तुमी जीव लावत होत्या, ताई."

"जीव लावून मारत होती मी."

"आता जीव लावून जगवा," मी म्हटलं. "त्या भाजीवर लक्ष ठेवा, अजून एकदा घेणार आहे मी."

बैतूलची सकाळ

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. हे दुखणं असलेल्यांना ते सांगायला नको. डोळे उघडले की आधी पोटाची चाहूल घ्यायची. बैतूलच्या लॉजवर मी पडल्या पडल्या वाट बघत होते. कळ नाही. मळमळ नाही. उठून बसले. काही नाही. उभी राहिले. भूक लागली होती! साधी, सरळ, माणसाला लागते तशी भूक.

मी प्रज्ञाला फोन लावला आणि प्रदोषापासून कढईपर्यंत सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "रुक, मम्मीले देते," आणि फोन तिच्या सासूला दिला. मी विहीणबाईंनाही सगळं पुन्हा सांगितलं. त्या फक्त "बरं, बरं" म्हणत होत्या.

हरद्याच्या अलीकडे आम्ही पुन्हा एका ढाब्यावर थांबलो. या वेळी मी पुढे झाले आणि मोठ्यानं सांगितलं, "भैया, मेरा गेहूं का उपवास है. जिंदगीभर का. व्रत वाला बर्तन है क्या?" होतं. साबुदाण्याची खिचडी मिळाली. मालकानं एवढंच विचारलं, "किस देवता का है?" मी म्हटलं, "पेट का." त्यानं हात जोडले.

तुम्हाला सगळीकडे मिळेल असं मी म्हणत नाही. कढई खरंच वेगळी आहे का, ते डोळ्यांनी बघून घ्या. शंका आली तर केळी आहेतच. पण खोटा प्रदोष सांगू नका, तिथी कुणालातरी माहीत असतेच.

पंगत

इंदूरला पोचलो. प्रज्ञा दारात होती, कडेवर बाळ. या वेळी खाटेवरून उठायचा प्रश्न नव्हता, मी उभीच होते. मी दोघींना एकदम जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नामकरण झालं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. खोटं बोलणार नाही, या शीलाशी आलो तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना नेमका तेव्हाच खोकला आला. नातीचं नाव मैत्री ठेवलं. नाव ठेवेपर्यंत ती माझ्या हातात होती.

मग पंगत बसली. खाली लांब पट्ट्या, समोर ताटं. माझ्या पिशवीत मुरमुरे होते, सवयीनं घेतलेले. कोपरा कुठं आहे तेही मी सवयीनं बघून ठेवलं होतं. तेवढ्यात विहीणबाईंनी माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर, बाकी सगळ्यापासून लांब, एक कढई आणि एक नवं पातेलं झाकून ठेवलेलं.

"आमच्याकडं कुठून असणार हो उपासाची कढई? शेजारच्या काकूंकडून मागून आणली. त्यांनी अट घातली, कांदा-लसूण नको. मी जन्मात बिनकांद्याची भाजी केली नाही, आता चव काय आली असेल ते तुम्हीच सांगा! भात नव्या पातेल्यात आहे. वरणात हिंग नाही. आणि तुमच्या ताई सकाळपासून इथून हललेल्या नाहीत. आम्हालाच आत येऊ देत नाहीत."

वत्सलाताई ओट्यापाशी डाव हातात धरून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊन बस. मी वाढतो."

मी प्रज्ञाच्या शेजारी बसले. पलीकडे हे, अलीकडे विहीणबाईंच्या जावा, मध्ये मी, सगळ्यांसारखं ताट पुढे घेऊन. प्रज्ञानं तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवला. मी जेवले. भाजी जरा सपकच होती, पण मी विहीणबाईंना ते सांगितलं नाही. पंचशिलाचं मी दुसऱ्या दिवसापासून बघणार होते.

ताट रिकामं होत आलं तशी पंगतीतून वाट काढत ताई आली. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात डाव, आणि मध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दटावत, "सरका, सरका, हे कुंदाचं आहे." ती माझ्यापुढे वाकली.

"काय वं, आनखी वाढू?"

पंगतीत हा प्रश्न आला की माझं उत्तर ठरलेलं असायचं. नको, चालत नाही, डॉक्टरांनी मना केलंय, तुम्ही घ्या, माझा डबा आहे. ताटावर आडवा हात धरायची मला सवयच लागली होती, आणि या वेळीही तो हात आपोआप पुढे आला. मी तो मागे घेतला.

"हौ ताई," मी म्हटलं. "वाढा."